इंग्रजीतून सांगा

"हिज डेज आर नंबर्ड," डॉक्टर म्हणाले आणि बाबनरावांकडे पाहून गोड हसले.

बाबनरावही हसले. समोरचा हसला की आपणही हसायचं, एवढी रीत उमरेडच्या विणकरालाही कळते.

प्रणालीनं मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरांना तिनंच पहिल्या दिवशी बजावलं होतं, "बाबांसमोर जे काय सांगायचं ते इंग्रजीतून सांगा. त्यांना कळलं तर ते हाय खातील." डॉक्टर शब्दाला जागले होते. प्रणाली नागपुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. कालच नववीच्या वर्गात तिनं हाच वाक्प्रचार घेतला होता. "दिवस मोजत बसू नका रे, शब्दांवर जाऊ नका, मागचा अर्थ बघा," असं म्हणून पोरांना हसवलं होतं. आज तोच अर्थ तिच्या बापाच्या नावानं आला.

"हाऊ लाँग?" तिनं कसंबसं विचारलं.

"वन मंथ. मेबी लेस."

"काय म्हणते डॉक्टर?" बाबनरावांनी लेकीला विचारलं. "उमरेडले कवा जाऊ देते?"

दोन महिने ते नागपुरात तिच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये पडून होते. दुसरं काही मागत नव्हते. एकदा घराचं कुलूप काढायचं, मागावरची धूळ झटकायची आणि आपल्या खाटेवर निजायचं, एवढंच.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात. प्रणाली रेटून बोलली. "म्हणून राहिले, का गोळ्या लागू पडल्या. दिवाळीपर्यंत चांगले हिंडाले लागसान तुम्ही. मंग जाऊ न उमरेडले."

बाबनरावांनी मान डोलावली. डॉक्टरांना हात जोडले.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोन बोटांनी ठेका धरला. खट खट, खट खट. तो मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा ठेका होता, तिनं लगेच ओळखला. दहावीच्या वर्षी ती मागाशेजारी पोतं टाकून बसायची. इंग्रजी वाक्प्रचारांची वही मागाला टांगलेली असायची. बाबांना वाचता यावं म्हणून त्यातलं सगळं इंग्रजी तिनं मराठी अक्षरांत लिहिलं होतं. धोटा फेकता फेकता बाबा एकेक विचारायचे आणि ती अर्थ सांगायची. रोज तेच दीडशे, सबंध वर्षभर. ती चुकली की बाबा माग थांबवायचे, आणि बरोबर अर्थ येईपर्यंत धोटा जागचा हलायचा नाही. बोर्डात तिला इंग्रजीत ब्याण्णव मिळाले, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

गुडघ्यावरची बोटं थांबली.

"हिज डेज आर नंबर्ड," बाबनराव म्हणाले, एकेक शब्द सुटा करून, वहीतून वाचल्यासारखे. "चुकलं वं, पोरी. पुन्हा सांग."