गुलाबदाणी

"दर वर्षी इथंच अडतात, आणि दर वर्षी पहिल्यांदाच अडल्यासारख्या लाजतात," मालन पुटपुटली.

शेजारी बसलेल्या प्रमोदिनीबाईंनी ते ऐकलं. समोर चैत्रगौरीपुढे गणोजीरावांची बायको उभी होती. "टेकडीवरून दिसतं सारं देवास..." इथवर उखाणा आला होता आणि पुढचं काही येत नव्हतं.

"गणोजीरावांचं नाव घेते, आजचा दिवस खास," मालननं दारापाशी बसल्या बसल्या पुरं केलं.

"अगं, नवरा तुझा की माझा?"

"तुमचाच, काकी. माझ्या लक्षात राहतो, एवढंच."

बायका पोट धरून हसल्या. त्या काळी हसायला तेवढं पुरत असे.

देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती ही दोन्ही संस्थानं विलीन होऊन चार वर्षं झाली होती. तरी हळदीकुंकवाला थोरल्या पातीच्या बायका उजवीकडे आणि धाकट्या पातीच्या डावीकडे अशाच बसत. मालनची जागा दोन्हींत नव्हती. नऊ वर्षांची ती पोर दारापाशी, गोणपाटावर अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर बसे. पाय कंबरेपासून लुळे. "पायांनी जरा नाजूक आहे," एवढंच म्हणायची रीत होती. पाठीवरच्या जन्मापासूनच्या गाठीचं नाव काढायचं नाही, आणि तिसऱ्या गोष्टीचं तर नाहीच नाही.

प्रमोदिनीबाई धारहून नव्यानं आलेल्या, मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई. मालनला शाळेत घ्यायचं की नाही, ते आज त्या ठरवणार होत्या. म्हणून तर तिची आई सुभद्रा पन्ह्याचा पेला घेऊन तीनदा त्यांच्याच पुढं आली होती.

"किती बायका आल्यात गं? मोज बघू," बाई म्हणाल्या.

मालननं बोटं धरली. पाचापर्यंत गेली, मग चार म्हणाली, मग पुन्हा दोन. सुभद्रा लगबगीनं पुढं झाली.

"घरीच असते ना, सवय नाही तिला..."

"सवय आहे, आई. आकडे निसटतात," मालन म्हणाली. "पण बाई, कोण नाही आलं ते सांगते. टोंकखुर्दच्या सीतामामी नाहीत, त्यांची गाय व्यालीय. भैयासाहेबांच्या सूनबाई अमझेऱ्याला माहेरी गेल्यात, रुसून. बाकी सगळ्या आल्यात."

"रुसून नाही गं, बाळंतपणाला," कोणीतरी घाईघाईनं म्हणालं.

"दोन्ही," मालन म्हणाली.

बाईंनी हसू पेल्याआड लपवलं. सुभद्रानं ते पाहिलं आणि कितीतरी वेळानं ती भिंतीला टेकली.

तेवढ्यात दाराजवळच्या बायकांनी आपापल्या निऱ्या गोळा केल्या.

"खिडकी उघडा हो. काय उमस है आज," एक म्हणाली.

दुसरीनं देव्हाऱ्याजवळची चांदीची गुलाबदाणी उचलली. खरं तर गुलाबपाणी मघाशीच सगळीकडे फिरून झालं होतं. तरी ती गुलाबदाणी दोन्ही पाती ओलांडून सरळ दारापाशी आली आणि मालनवर दोनदा, तीनदा झडली. मायेनंच. त्या बायका वाईट नव्हत्या. पुढं कित्येक वर्षं त्यांतल्या कोणाला गुलाबाचा वास आला, की आधी ती पोर आठवे.

मालननं कपाळावरचे थेंब पुसले आणि दोन्ही हात वर केले.

"आई, उचल मला. गुलाबदाणी आली."

सुभद्रा जागची हलली नाही. खोलीतल्या सगळ्याजणी गौरीकडं बघू लागल्या.

"आली म्हणजे काय गं?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"म्हणजे मी ओली झाले. मला कळत नाही ना, बाई. कंबरेखालचं काहीच कळत नाही. ह्यांना सगळ्यांना कळतं, पण म्हणत कोणी नाही. गुलाबपाणी शिंपडतात. त्यावरून मी ओळखते."

गुलाबदाणी धरलेला हात तसाच हवेत राहिला.

मालननं बाईंच्या पदराचं टोक धरलं.

"शाळेत गुलाबदाणी नसेल ना? मग तुम्ही तोंडानं सांगाल मला?"