काळ्या दाराची चमक

देवमन पेंटरनं पायलच्या बोटांवर सणसणीत पट्टी हाणली. "हे गाडी हाये का साबणाची वडी? काळ्या रंगाले चमक कावून येते? समोरचं समदं त्याच्यात दिसते म्हणून. ते काढ!"

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्याच्या दुकानात ती फुकट शिकत होती. कापसाच्या भावावरून पेटलेल्या आंदोलनात जमावानं व्यापाऱ्याची काळी गाडी फोडली होती आणि ती चालवणाऱ्या पायलच्या बापाचं डोकंही. बाप जागीच गेला. मारणारा कोणीच पाहिला नव्हता. देवमनकाका तर त्या दिवशी दूर वलगावला पाट्या रंगवत होता. पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं होतं.

आज पायलनं तीच गाडी काढली होती. फुटलेली काच, चेपलेलं बॉनेट, चाकाशी आडवा पडलेला बाप. आणि आता काळ्या दाराच्या चमकेत, आपल्या मनानंच, एक बिनचेहऱ्याचा माणूस काढला. त्याच्या उजव्या हातात उगारलेली लोखंडी टामी.

काकानं चित्र उजेडात धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला.

"आता गाडी खरी झाली, पोरी! फक्त हात चुकवला तुनं. टामी डाव्या हातात होती. हे पाह्य, अशी." त्यानं पट्टी डोक्यावर उगारून दाखवली.

पायलची बोटं अजून चरचरत होती.

"काका, तुमी तं वलगावले होते ना?"

देवमनचा डावा हात पट्टीसकट वरच राहिला.