हिरवा ठिपका

“पोरी, उंबऱ्यावरून ‘जाते’ म्हणू नये. ‘येते’ म्हणावं.”

नवी नवरी असताना ऐकलेला विनताबाईंचा हा आवाज राइट टाउनमधला तो जिना चढताना मेघनाला दर शनिवारी आठवायचा. अंबरीशशी घटस्फोट झाल्याला वर्ष उलटलं होतं. तो कॅनडात गेला. जिना तोच राहिला, जिन्यावरचा फोडणीचा वासही तोच. फक्त ‘आई’च्या जागी ती आता ‘काकू’ म्हणायची.

विनताबाईंचे डबे कॉलेजच्या पोरांना जायचे. त्या डब्यांची वेबसाइट मेघनानंच सून असताना बनवली होती. ‘मिळेल’, ‘थोडे उरले’, ‘संपले’, ‘आज सुट्टी’. यांतलं एक विनताबाईंनी निवडायचं, ते रंगीत ठिपक्यासह पोरांना दिसायचं. काम एवढंसं, पण दर आठवड्याला त्यात नवं काही निघायचंच.

“आज काय झालं, काकू?”

“हिरवा ठिपका पाहा कसा फिका पडला, उतरलेल्या मेंदीवानी. अन् ‘संपले’ दाबायला जाते, तर ‘सुट्टी’ लागून राहिली.”

“मागच्या वेळी तर यादी बोट लावण्याआधीच मिटत होती, म्हणून ही बटणं केली.”

“हो न. ते झालं, तर आता हे.”

पोळ्या लाटणारी कुंदा हसली. “दीदी, काकू को सब आता है. रेल्वेचं रिझर्व्हेशन स्वतः करतात. तुम्हाला बोलवायचा बहाना आहे हा.”

“चूप गं. तुझी पोळी जळून राहिली.”

मेघनानं लॅपटॉप उघडला. चारी बटणं मोठी केली, दोहोंमध्ये बोटभर जागा सोडली. हिरवा गडद केला, कोवळ्या मेथीसारखा नाही, जून पानासारखा. ठिपक्याशेजारी अक्षरंही ठळक केली. तोवर विनताबाई डबे भरता भरता गुणगुणत होत्या,

“गेली म्हणू मी गं कशी, मैना अंगणामधून,
शनवारी पाणी प्याया, येते उंबरा शोधून.”

“घ्या, फोनवर लावून पाहा,” मेघना म्हणाली.

विनताबाईंनी भाजीनं माखलेला अंगठा पदराला पुसून ‘संपले’ दाबलं. ‘संपले’च लागलं.

“अच्छा. हे बेस झालं.”

त्या मेघनासाठी डबा भरायला आत वळल्या. मेघनानं मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. निघण्याआधी ती नेहमीच उघडायची.

“किती जीव लावून करतात दीदी,” कुंदा म्हणाली.

विनताबाई डबा घेऊन आल्या, पण हातात देईनात. टेबलावर ठेवून झाकणावरून उगाच हात फिरवत राहिल्या.

“एक सांगू? पुढच्या शनिवारी नको येऊ. विजय नगरात एक दुकानवाला आहे, तो पाहून देते म्हणतो.”

मेघनाची बोटं कीबोर्डवरच थांबली. “काहून?”

“कुंदा हसते, ते चालते. पण खालचेही विचारतात, सुटलेली सून काहून येते म्हणून. माझ्यापायी तुझी वाट अडू नये, पोरी. तुलाही कोणी भेटलं पाहिजे, तुझंही घर व्हायला पाहिजे.” त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. “पण एक गोष्ट मनात नको ठेवू. कुंदा काही म्हणो, मी बहाना नाही केला. तू यावी असं वाटे, रोज वाटे, पण त्याच्यासाठी मी खोटं नाही बोलली. ते खरंच बिघडते गं.”

कुंदाचं लाटणं थांबलं.

मेघनानं लॅपटॉप हळूच विनताबाईंकडे फिरवला. आत्ताच गडद केलेला हिरवा ठिपका पुन्हा फिका झाला होता.

“खोटं तुम्ही कुठं बोललात? दर शनिवारी निघताना मीच काहीतरी बिघडवून ठेवते, आई.”