नारिनला गेलेली व्होल्गा

काराकोल गावच्या कासिमालीनं अडतीस वर्षं जपलेली व्होल्गा गाडी शेवटी विकायला काढली. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुली मॉस्कोत होत्या, आणि गाडीतून कुठं न्यावं असं कोणी उरलं नव्हतं.

घाटापलीकडच्या नारिन गावचा तालान्त गाडी बघायला आला. बॉनेटखाली वाकून त्यानं सगळं निरखलं, एक फेरी मारली आणि विचारलं, "काका, मनापासून देताय ना? डोळे भरलेत तुमचे."

"धूळ गेली रे. ने तू," कासिमाली म्हणाला. "सकाळी मात्र दमानं चालू कर. थंडीत कुरकुरते ती."

गाडी वळणाआड गेली. बर्फ पडलेल्या अंगणात तिच्याएवढाच कोरडा तुकडा उरला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला करमेना. गाडी घाट ओलांडून नीट पोचली का, हे विचारायला त्यानं तालान्तला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"अरे, मी कासिमाली. काराकोलहून."

तालान्त हसला. "थट्टा करता का राव? कासिमालीकाका इथंच आहेत. सकाळी अंगणात आलो, तर गाडीत बसलेले. बायकोनं दोनदा चहा नेला, पण उतरायलाच तयार नाहीत. थांबा, त्यांनाच विचारतो."

पलीकडे बर्फावर पावलं वाजली.

"काका, तुमच्या घरून फोन आहे!"

व्होल्गाचं दार उघडल्याचा आवाज कासिमालीनं लगेच ओळखला. मग त्याच्याच घोगऱ्या आवाजात कोणीतरी थकून म्हणालं, "माझ्या घरी कोणी नाही रे."