साडेअकरा पौंड

"आणि हे काय?" व्हर्लिनने सॅकच्या तळातून लोकरी मोज्यांची चौथी जोडी ओढून काढली.

"असू दे ना, ममा," कोरी म्हणाली. "लागलेच तर."

व्हर्लिनने मोजे गाडीच्या बॉनेटवर टाकले. लेकीने गुपचूप कोंबलेल्या वस्तूंची तिथे आधीच रास झाली होती. अस्वलांना पळवायचा फवारा. जुलाब थांबवायच्या गोळ्यांची अख्खी बाटली. शिट्टी. दुसरी शिट्टी.

"पहिली हरवली तर," कोरीने कुणी न विचारताच सांगून टाकलं.

"असू दे, असू दे करत माणसं घर पाठीवर घेऊन निघतात," व्हर्लिन म्हणाली, "आणि तिसऱ्या दिवशी बसने परत येतात."

ती एकसष्ट वर्षांची होती. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. आज जॉर्जियाच्या या डोंगरातून निघून तिला अमेरिकेच्या पार उत्तर टोकाच्या मेन राज्यापर्यंत चालायचं होतं. बावीसशे मैल, सहा महिने. उजवा गुडघा कुरकुरत होता, म्हणून डॉक्टरने बजावलं होतं, ओझं कमीत कमी. ते तिने जरा जास्तच मनावर घेतलं. टूथब्रशची दांडी करवतीने कापली. कपड्यांची लेबलं उसवली. चहाच्या पुड्यांचे दोरेसुद्धा तोडले. अन्नपाणी सोडून सॅक भरली साडेअकरा पौंड. दुसऱ्या आज्या नातीला दात आल्याचं सांगतात, तसा हा आकडा ती हिवाळाभर गावात सांगत फिरली होती.

आता एकच वस्तू उरली. साबणाच्या वडीएवढा नारिंगी डबा. फोन लागत नाही अशा रानातही त्याचं बटण दाबलं की मदतीचा निरोप जातो.

"साडेतीन औंस," व्हर्लिन म्हणाली. "नको."

"ममा, पडलीस तर?"

"पडले तर उठेन. वाटेवर माणसं असतात, बाई."

कोरीने मान वळवली. छातीशी बांधलेली आठ महिन्यांची हॅटी तिच्या जॅकेटची चेन चोखत होती. बाकी सगळं राहिलं तरी चाललं असतं. हा डबा राहिला तर सहा महिने आपल्या डोळ्याला डोळा लागणार नाही, हे कोरीला पक्कं ठाऊक होतं.

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरच्या बाळाच्या बॅगेकडे.

"आण ती इकडे."

वजन करायच्या हुकाच्या काट्याला बॅग लटकली. काटा सरकत सरकत चौदा पौंडांवर थांबला.

"मी निघालेय सहा महिन्यांसाठी," व्हर्लिन म्हणाली, "तू दोन तासांसाठी. घरात काही मागे ठेवलंयस का गं?"

कोरीला राग आला आणि हसूही.

"पैज," व्हर्लिन म्हणाली. वाट सुरू होते ती शिखरावर, गाडी मात्र खालीच थांबते. इथून मैलभर उलटं चढायचं, खडकाला हात लावायचा आणि याच रस्त्याने परत यायचं. "तेवढा वेळ ही बॅग गाडीत. खिशात एक डायपर, एक बाटली. बॅगेवाचून जाऊन आलीस, तर तुझा डबा मी मेनपर्यंत वाहीन."

कोरीने डबा उचलून खिशात टाकला. "चल."

रिकामा खांदा ती सारखा चाचपत होती. व्हर्लिन दिसेल त्या चालणाऱ्याला हात करत होती. या वाटेवर प्रत्येकाला टोपणनाव असतं, आणि ते स्वतः घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यावं लागतं. व्हर्लिनला 'ससाणा' हवं होतं. घरी तिने तसं दोनदा सुचवूनही पाहिलं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

खिशातला डायपर अर्ध्या वाटेतच संपला. भरलेला पिशवीत बांधून कोरीने आईपुढे धरला.

"तो तुझ्या वजनात धर," व्हर्लिन म्हणाली.

शिखरावर वारा बोचत होता. खडकात बसवलेल्या पेटीतून व्हर्लिनने नोंदवही काढली, तोच हॅटी एकाएकी गप्प झाली. तिचा चेहरा लाल झाला. नजर दूर कुठेतरी लागली. कोरीला तो चेहरा ओळखीचा होता.

मग वासही आला.

गाडी मैलभर खाली. पोर या गारठ्यात तशीच ठेवायची? कोरीचा हात खिशातल्या डब्यावर गेला. "हरले मी," ती म्हणाली. "जाते बॅग आणायला."

व्हर्लिनने सॅक उतरवली. पांघरूण काढलं, भांडं काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला. तळातून एक चपटी पुडी निघाली. आत घट्ट गुंडाळलेला एक डायपर आणि मोजून दोन वाइप्स.

कोरी बघतच राहिली. "हे कधी ठेवलंस?"

"ख्रिसमसला." व्हर्लिन हॅटीचे पाय वर धरून पुसत होती. मान काही वर केली नाही. "साडेअकरात धरलेलं आहे."

"मेनपर्यंत नेणार होतीस? कशाला?"

व्हर्लिन काहीतरी पुटपुटली. वाऱ्यात 'असू' एवढंच ऐकू आलं, पण कोरीला कळलं.

"बॅग गाडीतच आहे ना? मग जिंकलीस," व्हर्लिन मोठ्याने म्हणाली. "आण तो डबा."

डायपर निघाला होता त्या जागी डबा बरोबर बसला.

मग व्हर्लिनने वही गुडघ्यावर घेतली. तारीख लिहिली, गाव लिहिलं. टोपणनावाच्या रकान्यापाशी मात्र पेन्सिल अडली. तिने आशेने लेकीकडे पाहिलं.

कोरीने हॅटीला कडेवर घेतलं, आईच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'असू दे'.