तीन माणसांची उचल

दारावर काठीचा दणका बसला आणि आतून बाईनं विचारलं, "कोण?"

बाहेर काठी जागच्या जागी थांबली. झोपड्यांच्या त्या ओळीत मुकादमाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. विचारणार कसा? दारंच नव्हती, गोणपाटाचे पडदे होते. वीटभट्टीचा हंगाम लागला की मुकादम पहाटे ट्रक घेऊन यायचा, काठीनं पडदा वर करायचा आणि झोपलेल्यांच्या तळव्यांवर काठी वाजवत ओरडायचा, "उठा रे, विटा काय तुमचा बाप पाडणार?" गेल्या साली ती काठी बाईच्या पोरीच्या तळव्यावर थांबली नव्हती. वर सरकली होती. पोरगी जागी होती. आईही जागी होती. दोघी डोळे मिटून पडून राहिल्या होत्या.

यंदा बाईच्या खात्यावर एका संस्थेकडून मदतीचे पैसे आले. अट नव्हती, कशाला हवेत म्हणून विचारणारा कुणी नव्हता. तिनं आधी धान्याची पोती भरली आणि उरलेल्यात दार करून घेतलं. जाड फळ्यांचं, आतून कडी असलेलं. शेजारची म्हातारी पोट धरधरून हसली होती. "अगं, तुझ्या घरात उंदीर उपाशी मरतात, आणि दार कुणासाठी गं?"

"कोण म्हणजे? मी!" बाहेरून आवाज आला.

"मी कोण?"

ओळीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"ए भवाने, मुकादम आहे मुकादम! फार शहाणपणा नको. बारक्याला काढ बाहेर. तू आणि पोरगी पण निघा. ट्रक भरत आलाय."

"यंदा आम्ही येत नाही. उचल घेतलेली नाही."

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम हातावर टेकवतो ते पैसे. ते घेतले की माणूस हंगाम संपेपर्यंत त्याचा. आजारी पडायचं तरी त्याला विचारून.

मुकादम मोठ्यानं हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "घेतलेली नाही? नवऱ्याला विचार की. काल संध्याकाळी घेतलीय. तीन माणसांची."

बाईनं मागे वळून पाहिलं. तिचा नवरा, बारक्या, भिंतीला पाठ लावून उभा होता. अंगात बाहेर जायचा सदरा.

"घेतलीत?"

"अगं, त्यानं पुढे केले…"

"त्यानं पुढे केले म्हणून?"

"दर साली घेतो ना. हात गेला."

तो खोटं बोलत नव्हता. घरात धान्य होतं, गरज नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण मुकादमाचा हात पुढे आला की याचा हात आपोआप जायचा, शिंक यावी तसा. लहानपणी बापाच्या मागे उभा राहून त्यानं एवढंच तर पाहिलं होतं.

"आणि पोरीची पण घेतलीत?"

बारक्यानं पोरीकडे पाहिलं नाही. पोरगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पाय तिनं चादरीत गुंडाळून घेतले होते.

काठी पुन्हा दारावर बसली. "बारक्या! बायकोच्या पदराआड लपलास काय रे? उघड!"

बारक्या कडीकडे सरकला. बाई दाराला पाठ टेकून खाली बसली.

"बाजूला हो," तो कुजबुजला. "त्याच्याशी वैर परवडायचं नाही आपल्याला. पुढच्या साली ही मदत नाही आली तर? कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली बघू."

"तुला काय जातंय बोलायला!"

"मला काय जातंय?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला जायचंय ना, जा. मी दार उघडते. पण तुम्ही बाहेर पडलात की परत आतून लावीन. मग तुम्हीही 'कोण' ते सांगूनच आत यायचं."

बारक्याची मान खाली गेली. ट्रकचं इंजिन घरघरत होतं. चढलेली माणसं ऐकत असणार.

"पैसे कुठायत?"

त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. हात तिथेच राहिला.

"अहो. द्या."

त्यानं दिले. तिनं मोजले नाहीत. दार आणि जमीन यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. तिनं वळून नोटा जमिनीवर ठेवल्या आणि तळहातानं एका झटक्यात बाहेर लोटल्या.

"तुमची उचल खाली आहे," ती म्हणाली. "उचला."

बारक्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. आता लाथ बसेल, कडी उखडेल, असं त्याला वाटत होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एकदा, मग पुन्हा.

"पुढच्या साली पाय धरत येशील," मुकादम म्हणाला. पण आवाज खालून आला.

फटीत बोटं दिसली. जाड बोटं, एकात अंगठी. ती घाईघाईनं नोटा गोळा करत होती. एक नोट मात्र आतल्या बाजूलाच अडकून राहिली होती. बोटं आत आली, चाचपडली, त्यांनी माती खरवडली. पोचेनात.

पोरगी कोपऱ्यातून उठली. जवळ आली आणि उभ्यानंच खाली त्या बोटांकडे बघत राहिली. घरात कुणी हललं नाही.

"बाई," बाहेरून हळू आवाज आला, "एक आत राहिलीय. जरा सरकवता का?"