मरून मोजे

अर्पितला धुळ्याची प्रियल पसंत होती, पण तिच्या वडिलांची अट काही घशाखाली उतरत नव्हती. सुभाषचंदशेठना एकुलती एक पोरगी, तेव्हा जावयाने धुळ्यात त्यांच्याच घरी राहायचं!

"तोंडावर सांगून येतो, घरजावई होणार नाही म्हणून," असं घरी ठणकावून तो जळगावहून निघाला. ऐन मे महिन्यात.

"मग निदान रुबाबात तरी जा, दादा," त्याच्या बहिणीने, विधीने बजावलं होतं. "आणि मोजे पँटच्या रंगाचे घालतात, बुटाच्या नाही!" पँट होती मरून. अख्खा बाजार पालथा घालून त्याने मोजेही तसेच मरून आणले, कोरे करकरीत. एसटीत धुळ्यापर्यंत पाय बुटात नुसते उकडून निघाले.

दारात बूट काढून, नुकत्याच पुसलेल्या पांढऱ्याशुभ्र फरशीवरून तो छाती काढून चालत गेला आणि सोफ्यावर बसला. घसा खाकरला.

"काका, स्पष्टच सांगतो..."

पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे फरशीवर. घामेजलेल्या मोज्यांचा रंग सुटला होता आणि उंबऱ्यापासून थेट सोफ्यापर्यंत कुंकवासारखी लाल पावलं उमटली होती.

प्रियलच्या आजीने, पानबाईंनी, डोक्यावरचा पदर सावरला आणि भक्तिभावाने हात जोडले.



"सुभाष, बघत काय बसलास? ओवाळायचं ताट आण, जावयाचा गृहप्रवेश झालासुद्धा!"